आधी पाणी बघा: भूकंपात जमीन द्रवरूप होण्याचा धोका कसा तपासावा

माती-तपासणीचा अहवाल हातात आला की मी निष्कर्षाचे पान उघडत नाही. मला आधी बोअरलॉग, म्हणजे बोअरमध्ये किती खोलीवर काय लागले त्याची नोंद, हवा असतो, आणि त्यातल्या दोन नोंदी: पाणी किती खोलीवर लागले आणि ते कोणत्या तारखेला मोजले. बावीस वर्षे हे काम करते आहे. द्रवीकरणाच्या, म्हणजे जमीन द्रवरूप होण्याच्या, गणितातल्या चुका मला फार थोड्या सापडल्या, कारण गणित संगणक करतो. चुका सापडल्या त्या पाण्याच्या नोंदीत आणि हातोड्याचे ठोके मोजण्यात. म्हणून माझ्या हाताखाली येणाऱ्या नव्या इंजिनिअरांना मी ज्या क्रमाने आणि ज्या तपशिलांवर अडून बसून हे शिकवते, तसेच इथे लिहिते आहे.

मुळात घडते काय, ते एकदा डोळ्यांपुढे आणा. सैल वाळूचे कण एकमेकांना टेकून उभे असतात आणि वरचे सगळे वजन कणाकडून कणाकडे खाली जाते. कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात. भूकंपाने थर इकडून तिकडे हलला की कण आणखी दाटीने बसू पाहतात. त्यासाठी मधले पाणी बाहेर पडायला हवे, पण हादरे काही सेकंदांतच येतात आणि पाण्याला निघून जायला तेवढा वेळ मिळत नाही. मग वरचे वजन पाण्यावर येते, पाण्याचा दाब चढतो आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. मृदाशास्त्रज्ञ इंजिनिअर कार्ल तेर्झागी यांनी मांडलेले साधे समीकरण इथे पुरते: परिणामकारक ताण (कण एकमेकांवर जो ताण देतात तो) म्हणजे एकूण ताणातून पाण्याचा दाब वजा. हा परिणामकारक ताण शून्यापाशी आला की वाळू दाट द्रवासारखी वागते. वरची इमारत कलते, पुरलेली रिकामी टाकी वर येते आणि भेगांतून पाणी-वाळूची कारंजी उडतात.

तेव्हा तपासायच्या गोष्टी तीनच: माती सैल आणि चिकटपणा नसलेली आहे का, ती पाण्याखाली आहे का, आणि अपेक्षित हादरा पुरेसा मोठा आहे का. तिन्हींपैकी एकाचे उत्तर ठाम ‘नाही’ असेल तर काम तिथेच संपते. ‘ठाम’ या शब्दावर मात्र जोर द्या.

जमिनीचा भूतकाळ

बोअर मारण्याआधी जुने नकाशे काढा. जितके जुने मिळतील तितके चांगले. नदीने सोडून दिलेले पात्र, बुजवलेले तळे, खाडीत भर टाकून केलेली जमीन, त्रिभुज प्रदेश, पूरमैदान यांपैकी काहीही तुमच्या भूखंडाखाली निघाले तर सावध व्हा. भूवैज्ञानिक दृष्टीने तरुण थर, म्हणजे गेल्या काही शतकांत किंवा काही हजार वर्षांत साचलेली वाळू, सर्वांत नाजूक असते. लाखो वर्षे जुन्या थरांत कण एकमेकांत घट्ट रुतलेले, काही वेळा नैसर्गिक सिमेंटने जोडलेले असतात.

१९६४ च्या जूनमध्ये जपानच्या निइगाता शहरात कावागिशी-चो भागातल्या चार मजली इमारती जवळजवळ अखंड राहून आडव्या झाल्या. ती जागा शिनानो नदीच्या काठची, भरलेल्या जमिनीची होती. २०११ च्या मार्चमधल्या भूकंपात टोकियो उपसागरावरच्या उरायासूत भराव टाकून केलेली जमीन द्रवरूप झाली, पण त्याच परिसरात ज्या भूखंडांची माती आधी दाबून घट्ट केली होती तिथे नुकसान फार थोडे झाले. २००१ च्या भूकंपात कच्छच्या रणात आणि १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपात उत्तर बिहारच्या गाळाच्या मैदानात मोठ्या टापूवर जमिनीतून वाळू-पाणी वर आले.

अमुक ठिकाणी एकदा द्रवीकरण झाले, म्हणजे वाळू आता बसून घट्ट झाली, असे मला पुष्कळदा ऐकवले जाते. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये २०१० आणि २०११ च्या लागोपाठच्या भूकंपांत त्याच गल्ल्यांमध्ये पुन:पुन्हा वाळू वर आली. शेवटी हजारो घरांची जमीन राहण्यास अयोग्य ठरवावी लागली. वाळू वर आल्याची जुनी नोंद मिळाली तर ती धोक्याच्या बाजूलाच मांडा.

माती कोणती

स्वच्छ वाळू, गाळमिश्रित वाळू आणि लोळवली तर दोरा न होणारा बारीक गाळ या तिन्ही संशयित. खडी म्हणजे सुरक्षित, हा समज १९९५ मध्ये कोबेच्या पोर्ट आयलंडने खोटा ठरवला. तिथला खडीमिश्रित भराव द्रवरूप झाला. चिकणमातीबाबत पूर्वी चिकणकणांच्या टक्केवारीवरून निर्णय घेत. १९९९ च्या तुर्कस्तानातल्या भूकंपानंतर अदापाझारीचे नमुने तपासले गेले आणि तो निकष पुरत नाही हे दिसले. ब्रे आणि सान्सिओ यांनी २००६ मध्ये मांडलेला निकष मी वापरते: प्लॅस्टिसिटी इंडेक्स (मातीच्या चिकटपणाचे माप) १२ पेक्षा कमी आणि नैसर्गिक ओलावा लिक्विड लिमिटच्या (ज्या ओलाव्याला माती वाहू लागते त्याच्या) ०.८५ पटीहून जास्त असेल तर माती संशयित. इंडेक्स १२ ते १८ आणि ही पट ०.८ हून जास्त असेल तर प्रयोगशाळेत चक्रीय चाचणी (नमुन्याला भूकंपासारखे पुन:पुन्हा हलवून बघणे) करून बघावी. त्यासाठी नमुन्याचा ओलावा टिकायला हवा. नमुना मेणाने सीलबंद करून पाठवा, दोन दिवस उन्हात पडलेली पिशवी पाठवू नका.

ठोके

आता एसपीटी, म्हणजे स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट: हातोड्याच्या ठोक्यांवरून थर किती घट्ट ते मोजण्याची चाचणी. ६३.५ किलोचा हातोडा ७६ सेंटिमीटरवरून पडतो, स्प्लिट स्पून (उभी उघडणारी पोकळ नमुना-नळी) १५ सेंटिमीटरच्या तीन टप्प्यांत आत जातो, पहिला टप्पा सोडून उरलेल्या दोन टप्प्यांच्या ठोक्यांची बेरीज म्हणजे एन. वाचायला सोपे आहे, आणि सगळी गडबड इथेच होते.

एकदा माझ्याकडे तीन बोअरचे लॉग आले. वाळूच्या थरात एन ४, ५, ४, ६. इतकी सैल वाळू त्या भागात मला अपेक्षित नव्हती, म्हणून मी रिगवर (बोअर मारण्याच्या यंत्रापाशी) जाऊन बसले. चाचणीआधी कामगार बोअरमधून अवजार भरकन वर ओढत होता आणि बोअरमधले पाणी भूजलपातळीच्या दीड मीटर खाली गेले होते. अशा वेळी बाहेरचे पाणी बोअरच्या तळातून वर घुसते, वाळू उकळल्यासारखी सैल होते आणि मग स्पून त्या सैल झालेल्या वाळूत जातो. मी बोअर पाण्याने आणि बेंटोनाइटच्या (फुगणाऱ्या चिकणमातीच्या) घोळाने भूजलपातळीच्या वरपर्यंत भरून ठेवायला लावला, अवजार सावकाश वर घ्यायला सांगितले. त्याच खोलीवर, दोन मीटर बाजूला, एन १३ आले. आधीचे आकडे खरे मानले असते तर गरज नसताना सगळी जमीन सुधारायला घेतली असती.

चूक उलट दिशेनेही होते. स्पूनमध्ये खडा अडकला की ठोके वाढतात आणि सैल थर घट्ट दिसतो. म्हणून तिन्ही टप्प्यांचे ठोके वेगवेगळे लिहायला लावा. ३, ५, २१ अशी नोंद दिसली तर २६ हा आकडा घेऊ नका. स्पून उघडून तोंडाशी काय आहे ते बघा.

हातोड्याची ऊर्जा ही दुसरी बाब. द्रवीकरणाच्या गणितातले सगळे आलेख आणि सूत्रे हातोड्याच्या सैद्धांतिक ऊर्जेच्या ६० टक्क्यांवर बेतलेली आहेत. दोर आणि कप्पीवर चालणारा डोनट हातोडा त्याहून कमी ऊर्जा देऊ शकतो, आपोआप सुटणारा बरीच जास्त. शक्य असेल तिथे ऊर्जा मोजून घ्या. नसेल तर हातोड्याचा प्रकार, दोराचे वेढे आणि दोर नवा की जुना हे लॉगवर लिहा. पाण्याखालच्या बारीक वाळूत एनचा फक्त १५ च्या वरचा भाग निम्मा करण्याची जुनी दुरुस्ती पायाच्या गणितात वापरतात. द्रवीकरणाच्या गणितात ती लावायची नाही, कारण हे आलेख ती न लावलेल्या एनवरून काढलेले आहेत.

सोबत सीपीटी (कोन पेनिट्रेशन टेस्ट, म्हणजे शंकू जमिनीत दाबत नेण्याची चाचणी) करता आली तर जरूर करा. शंकू सेकंदाला २ सेंटिमीटरने खाली जातो आणि सलग नोंद देतो, त्यामुळे दीड मीटरच्या अंतराने घेतलेल्या एसपीटीतून निसटलेला वीस-तीस सेंटिमीटरचा सैल पट्टा त्यात दिसतो. पण सीपीटीतून नमुना हाती येत नाही. म्हणून बोअर सोडून नुसत्या सीपीटीवर मी निर्णय देत नाही.

पाणी

बोअर बहुधा कोरड्या महिन्यांत मारले जातात, कारण तेव्हा रिग सहज पोचते. लॉगवर पाणी त्या महिन्याचे येते. भूकंप मात्र महिना बघून येत नाही.

एका जागेच्या लॉगवर पाणी ४ मीटरवर लिहिले होते. शेजारच्या आवारात विहीर होती. मी आत डोकावले तेव्हा पाणी खरेच खोल होते, पण दगडी कड्यावर जमिनीपासून साधारण दीड मीटरवर शेवाळाची काळी रेघ होती. तिथल्या आजींना विचारले, “आजी, पावसाळ्यात पाणी कुठवर येतं?” त्या म्हणाल्या, “बाई, तेव्हा दोर थोडाच सोडावा लागतो.” पुढच्या पावसाळ्यात आम्ही बोअरमध्ये ठेवलेल्या सच्छिद्र नळीने तेच सांगितले: १.५ मीटर. या एका फरकाने निकाल उलटला, आणि तो कसा उलटला ते पुढच्या उदाहरणात दाखवते.

पाऊस हे पाणी चढण्याचे एकच कारण नव्हे. कालवा, धरणाचा फुगवटा, गळकी जलवाहिनी यांनीही पातळी वर येते. २०१८ मध्ये इंडोनेशियातल्या पालूत पेटोबोसारख्या वस्त्या अगदी सौम्य उतारावरून शेकडो मीटर वाहून गेल्या, आणि तिथल्या सिंचनामुळे उथळ राहिलेले पाणी हे त्यामागचे एक मोठे कारण अभ्यासकांनी मांडले. तेव्हा वर्षातली सर्वांत उंच वाजवी पातळी घ्या. बोअर संपल्यावर लगेच मोजलेले पाणी धरू नका. किमान २४ तासांनी, पातळी स्थिरावल्यावर मोजा.

हादरा

गणिताला दोन आकडे लागतात: जमिनीच्या पृष्ठभागावरचे कमाल त्वरण आणि भूकंपाचे परिमाण (मॅग्निट्यूड). दोन्ही एकाच भूकंपाचे असायला हवेत. एका भूकंपाचे त्वरण आणि दुसऱ्याचे परिमाण जोडू नका. इमारतीच्या डिझाइनमध्ये लवचिकतेसाठी भागून लहान केलेला गुणांक तर इथे मुळीच चालत नाही. वाळूच्या थराला ती सवलत मिळत नाही. खडकावरचे त्वरण मऊ मातीतून वर येताना बदलते, तेही धरा. परिमाणाचे महत्त्व हादऱ्याच्या कालावधीमुळे आहे. मोठा भूकंप जास्त वेळ हलवतो, आवर्तने वाढतात, आणि दर आवर्तनाला पाण्याचा दाब थोडा आणखी चढतो.

गणित

सीड आणि इद्रिस यांची १९७१ ची सोपी पद्धत, आणि तिचे २००१ मध्ये युद आणि सहकाऱ्यांनी एकत्र आणून दिलेले रूप, हा आजही पाया आहे. त्यानंतरची सुधारित सूत्रे आली आहेत, पण शिकताना हेच हाताने एकदा सोडवा.

भूकंपाची मागणी, म्हणजे हादरा थरावर टाकतो त्या ताणाचे गुणोत्तर, सीएसआर = ०.६५ × कमाल त्वरण (गुरुत्वाच्या पटीत) × (एकूण ताण ÷ परिणामकारक ताण) × आरडी. अनियमित हादऱ्यांच्या एकाच शिखराऐवजी सरासरी जोर धरायचा म्हणून ०.६५. आरडी हा खोलीसाठीचा घट-गुणांक, तो खोलीबरोबर कमी होतो: ९.१५ मीटरपर्यंत तो १ उणे ०.००७६५ × खोली.

उदाहरण घेऊ. ६ मीटर खोलीवर गाळमिश्रित वाळू, ७५ मायक्रॉनहून बारीक कण १२ टक्के. बोअर कोरड्या महिन्यात मारला, पाणी ४ मीटरवर, एन १२, मोजलेली ऊर्जा ६० टक्के, बोअरचा व्यास १०० मिलिमीटर. पाण्याच्या वर मातीचे वजन १८ किलोन्यूटन प्रति घनमीटर, खाली १९. त्वरण ०.२४, परिमाण ६.५.

आधी एन सुधारा, म्हणजे खोलीवरचा ताण, रॉडची लांबी आणि बारीक कण यांचा परिणाम धरून तो एका मापावर आणा. बोअर मारताना एकूण ताण ४ × १८ + २ × १९ = ११० किलोपास्कल, पाण्याचा दाब १९.६, परिणामकारक ताण ९०.४. ताणाचा गुणांक १०० ÷ ९०.४ चे वर्गमूळ, १.०५. रॉडच्या लांबीसाठी ०.९५. सुधारलेला एन १२.०. बारीक कणांसाठी १.५५ + १.०३ × १२.०, म्हणजे १३.९.

थराचा प्रतिकार, म्हणजे तो सोसू शकतो त्या ताणाचे गुणोत्तर, सीआरआर = १ ÷ (३४ − एन) + एन ÷ १३५ + ५० ÷ [(१० × एन + ४५) चा वर्ग] − १ ÷ २००. यात १३.९ घालून ०.१४९. हा परिमाण ७.५ साठीचा. ६.५ साठी १० चा २.२४ वा घात भागिले ६.५ चा २.५६ वा घात, म्हणजे १.४४ ने गुणा. उत्तर ०.२१५.

आता मागणी. आरडी ०.९५४. पाणी ४ मीटरवर धरले तर सीएसआर ०.६५ × ०.२४ × (११० ÷ ९०.४) × ०.९५४ = ०.१८१. सुरक्षा गुणांक, म्हणजे प्रतिकार भागिले मागणी, ०.२१५ ÷ ०.१८१ = १.१९. अहवालात ‘धोका नाही’ लिहिले जाते ते इथे.

पाणी १.५ मीटरवर आणा. एकूण ताण ११२.५, पाण्याचा दाब ४४.१, परिणामकारक ताण ६८.४, सीएसआर ०.२४५. सुरक्षा गुणांक ०.८८. माती तीच, ठोके तेच, भूकंप तोच, आणि थर द्रवरूप होतो. परिमाण ७.५ घेतले तर गुणांक ०.६१ वर येतो.

इथे एक बारकावा आहे. एन सुधारताना बोअर मारला त्या दिवसाचा परिणामकारक ताण घ्यायचा, मागणी काढताना पावसाळ्याचा. दोन्हीकडे पावसाळ्याचाच घेतला तर सुधारलेला एन उगाच फुगतो आणि याच उदाहरणात ०.८८ चे जवळजवळ १ होते. तयार एक्सेल फाइलमध्ये पाण्याच्या पातळीसाठी एकच चौकट असेल तर ती फाइल वापरू नका. दोन चौकटी लागतात.

हे गणित प्रत्येक थरासाठी, साधारण २० मीटर खोलीपर्यंत करा. सरासरी एन घेऊन एकदाच करू नका. सरासरीत सैल पट्टा दिसेनासा होतो.

निकालाचा अर्थ

गुणांक १ च्या खाली आला म्हणजे इमारत पडणारच असे नाही, आणि १.१ आला म्हणजे निर्धास्त असेही नाही. १ ते १.२ च्या दरम्यान मी स्वत: आणखी बोअर मागते, कारण ठोक्यांतली एक-दोनची चूक तेवढा फरक पाडते.

मग थर किती जाड आणि किती खोल ते बघा. इवासाकी यांचा निर्देशांक याच कामाचा आहे: १ मधून गुणांक वजा करून आलेली तूट, गुणिले १० उणे खोलीच्या निम्मे, याची २० मीटरपर्यंत बेरीज. वरच्या थराला जास्त वजन, खालच्याला कमी. बेरीज ५ च्या खाली असेल तर धोका कमी, ५ ते १५ मध्ये जास्त, १५ च्या पुढे फार जास्त. वर द्रवरूप न होणारा जाड थर असेल तर हलक्या बांधकामाला तो बराचसा तारतो, मात्र जड इमारतीचा ताण तो थर ओलांडून खाली पोचत नाही ना, हे तपासावे लागते.

माझ्या दृष्टीने सर्वांत वाईट परिणाम जमीन बाजूला सरकण्याचा. जवळ नदीचा काठ, कालवा किंवा धक्का असेल तर शेकड्यात एखाद्याच उताराची जमीनसुद्धा त्या दिशेने मीटर-मीटर सरकते आणि खांबपाये (जमिनीत खोल उतरवलेले पाइल) वाकवते. भूखंडाच्या हद्दीपाशी थांबून हे कळत नाही. काठापर्यंत चालत जा, काठाची उंची आणि अंतर टेपने मोजा, नकाशावर लिहा.

धोका निघाला तर

पहिला पर्याय जागा बदलण्याचा, आणि तो विचारायला लाजू नका. नाही तर थर घट्ट करणे (कंपनाने किंवा वाळू-खडीचे खांब ठोकून), पाण्याला वाट देणारे खडीचे खांब घालणे, सिमेंट मिसळून जाळी करणे, किंवा खालच्या पक्क्या थरात टेकलेले खांबपाये. खांबपाये निवडले तर द्रवरूप थरात त्यांना बाजूचा आधार नाही आणि वरची बसणारी माती त्यांना खाली ओढते, असे धरूनच डिझाइन करा.

थर घट्ट केल्यावर पुन्हा तपासणी हवी, आणि ती खडीच्या दोन खांबांच्या मधोमध, जिथे सुधारणा सर्वांत कमी झालेली असते तिथे. खांबाला लागून घेतलेल्या बोअरचा आकडा मी स्वीकारत नाही. ठेकेदाराला हे कामाच्या आधीच लेखी कळवा. त्याच बोअरमध्ये सच्छिद्र नळी ठेवून वर झाकण लावा, आणि पुढचे वर्षभर दर महिन्याला कोणी तरी तिच्यात टेप सोडून पाण्याची पातळी तारखेसह लिहील, अशी सोय करा.